गडग्याच्या आत आणि बाहेर: डार्टमूरच्या कडेचा इतिहास

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस डेव्हन परगण्यात डार्टमूर नावाचा ग्रॅनाइटचा उंच माळ पसरला आहे आणि त्याच्या कडेला उभे राहिले असता एकाच नजरेत तीन प्रकारची जमीन दिसते. खाली दऱ्यांच्या उतारावर जिवंत कुंपणांनी बांधलेली लहान लहान हिरवी शेते, वर आभाळाला टेकलेला उघडा माळ, आणि या दोहोंच्या मधे पट्टीने आखून कापल्यासारख्या कडांची, सूचिपर्णी वृक्षांची गडद वने. उंची, पाऊस आणि वारा यांनीच ही वाटणी करून दिली असावी असे प्रथमदर्शनी वाटते आणि त्यात काही अंशी तथ्यही आहे. परंतु शेत नेमके कोठे संपावे, माळ कोठे सुरू व्हावा आणि वनाला जागा कोणाच्या वाट्यातून मिळावी, हे गेल्या साडेतीन हजार वर्षांत दगडाच्या भिंतींनी ठरवले आहे. भिंत घालण्याचा अधिकार कोणाला होता आणि कोणाची गुरे त्या भिंतीबाहेर राहिली, हा डार्टमूरच्या कडेच्या इतिहासाचा गाभा आहे.

‘मूर’ या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. थंड, पावसाळी प्रदेशातील उंचावरची निकस व आम्लधर्मी जमीन, जिच्यावर मोठे वृक्ष नसतात आणि हेदरची जांभळ्या फुलांची झुडपे, पिवळ्या फुलांचे काटेरी गॉर्स, नेचे व राठ गवत वाढते, तिला मूर म्हणतात. ‘माळ’ हा शब्द तिच्या बराच जवळ जातो, मात्र आपल्या माळाचा कोरडेपणा तिच्यात नसतो. डार्टमूरवरील प्रिन्सटाउन या गावी वर्षाला सुमारे २००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि ग्रॅनाइटमधून पाणी सहजी झिरपत नसल्याने उंचवट्यांवर पीट साचत गेले आहे. पीट म्हणजे पाण्यात बुडून अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा, हजारो वर्षे साठत आलेला काळा थर. हा प्रदेश पूर्वी बव्हंशी वृक्षाच्छादित होता. मध्याश्मयुगातील शिकारी लोकांनी जनावरांना कोवळा चारा मिळावा म्हणून रानाला आगी लावल्या आणि पुढे पहिल्या शेतकऱ्यांनी झाडे तोडून गुरे चारली, तेव्हा आज ज्याला रानटी निसर्ग म्हणून गौरवले जाते तो उघडा माळ मुळात मानवी उद्योगातूनच घडला.

या माळावरील सर्वांत जुन्या भिंतींना तेथील लोक ‘रीव्ह’ म्हणतात. आज त्या गवताखाली दबलेल्या, गुडघाभर उंचीच्या दगडी वरंब्यांसारख्या दिसतात आणि एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांपैकी काहींनी त्यांना जुन्या वाटाही ठरवले होते. १९७० च्या दशकात अँड्र्यू फ्लेमिंग आणि जॉन कॉलिस या पुरातत्त्वज्ञांनी त्यांची पद्धतशीर पाहणी केली, तेव्हा त्या कांस्ययुगातील, सुमारे इसवी सनपूर्व १५०० च्या आसपासच्या शेतहद्दी असल्याचे स्पष्ट झाले. आश्चर्य त्यांच्या वयाचे नाही, त्यांच्या आखणीचे आहे. समांतर रेषांचे हे जाळे दऱ्या, टेकड्या, खडकाळ सुळके यांची पर्वा न करता मैलोगणती सरळ जाते आणि माळाच्या वरच्या बाजूस एका आडव्या सीमारीव्हला मिळून थांबते. त्या आडव्या रेषेपलीकडे सामाईक चराई, अलीकडे वाटून घेतलेली शेते. होल्न मूर येथील उत्खननात काही दगडी वरंब्यांच्या खाली लाकडी कुंपणाच्या खुंटांच्या खुणाही सापडल्या, म्हणजे हद्द आधी आखली गेली आणि दगड नंतर आले. एवढी विस्तीर्ण आखणी एखाद्या कुटुंबाच्या हातची नव्हे. तिच्यामागे अनेक वस्त्यांची संमती असली पाहिजे. काही शतकांनी, हवामान अधिक थंड व ओले होत गेले आणि जमिनीचा कसही उतरला, तेव्हा लोक खाली सरकले व ही शेते माळाने परत घेतली. तरीही कडेवरच्या काही ठिकाणी आजच्या शेतांचे बांध त्याच जुन्या दिशेने जातात, ही गोष्ट स्थानिक नकाशा उघडून पाहणाऱ्या कोणालाही थक्क करून सोडणारी आहे.

मध्ययुगात या माळाला एक नवे नाव मिळाले, ‘फॉरेस्ट ऑफ डार्टमूर’, आणि याच शब्दाने पुढील अनेक गैरसमजांना जन्म दिला. नॉर्मन राजांच्या कायद्यात फॉरेस्ट म्हणजे झाडांचे रान नसून, राजाच्या शिकारीसाठी राखलेला आणि सर्वसाधारण कायद्याच्या बाहेर ठेवलेला प्रदेश होता. तेथे वृक्ष असोत वा नसोत, हरणांना त्रास होईल असे काही करण्यास रयतेला मनाई असे. १२०४ मध्ये जॉन राजाने डेव्हनचा बहुतेक भाग या बंधनातून मोकळा केला, पण डार्टमूर व एक्समूर राखून ठेवले. १२३९ मध्ये तिसऱ्या हेन्रीने डार्टमूर आपला भाऊ कॉर्नवॉलचा अर्ल रिचर्ड याला दिले, दुसऱ्याच वर्षी बारा सरदारांनी हद्दीवरून फेरी मारून तिच्या खुणा नोंदवल्या, आणि १३३७ पासून हा प्रदेश डची ऑफ कॉर्नवॉल, म्हणजे इंग्लंडच्या युवराजाच्या निर्वाहासाठी नेमून दिलेली जहागीर, हिच्या मालकीचा झाला. तो आजही तिच्याकडेच आहे. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतही ‘फॉरेस्ट’ हा शब्द झाडांपेक्षा खात्याच्या हद्दीसाठी अधिक वापरला जातो आणि त्या अर्थाने आपला ग्रामीण बोलीतला वापर मूळ इंग्रजी कायद्याच्या अर्थाशी जास्त प्रामाणिक आहे.

राजाच्या हरणांमुळे कडेवरच्या शेतकऱ्यांनी भिंतीचा एक खास प्रकार घडवला, त्याला ‘कॉर्न डिच’ म्हणतात. माळाच्या बाजूला चर आणि त्यावर सरळ उभी दगडी भिंत, तर शेताच्या बाजूला मातीचा तिरका उतार, अशी तिची रचना असते. बाहेरून येणाऱ्या हरणाला चर व भिंत मिळून उडी मारता येत नसे. चुकून शेतात शिरलेले हरीण मात्र उतारावरून चढून सहज बाहेर पडू शके. कायद्याने हरणाला इजा करता येत नव्हती आणि पोटासाठी धान्य तर वाचवणे भाग होते, या पेचातून निघालेली ही युक्ती आहे. तिच्या चढाउतारावरून आजही शेत कोणत्या बाजूला होते ते ओळखता येते, मग ते शेत कधीचेच माळात विरून गेलेले का असेना.

फॉरेस्टच्या आत, पूर्वेकडच्या दऱ्यांमध्ये, ‘प्राचीन कुळांची’ पस्तीस शेते होती. बेबिनी, पिझवेल, बेलिव्हर, हेक्सवर्दी अशी त्यांतील काहींची नावे. हे लोक सर्वार्थाने एका बाजूला पडलेले होते. त्यांचे चर्च दूर पश्चिमेकडील लिडफर्ड येथे होते आणि मृतदेह पुरायलाही सबंध माळ ओलांडून तेथवर न्यावे लागत. १२६० मध्ये एक्झिटरच्या बिशपने बेबिनी व पिझवेलच्या रहिवाशांना जवळच्या विडिकमला जाण्याची मुभा दिली, त्यावरून हिवाळ्यात नद्यांना पूर आला असता त्यांची काय दशा होत असेल याची कल्पना येते. या कुळांना एक मोलाचा हक्क होता: शेत एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे आले की नव्या वारसाने माळापैकी आठ एकर जमीन भिंत घालून आपल्या शेताला जोडावी. अशा जोडलेल्या तुकड्याला ‘न्यूटेक’, म्हणजे नव्याने घेतलेला, हे नाव पडले. पिढीगणिक आठ एकर ही गती मंद होती आणि ती मंद असणे योग्यच होते, कारण तेवढ्या जमिनीतले दगड वेचून गडगा रचणे, म्हणजे मातीचुन्याशिवाय दगडावर दगड बसवून भिंत उभी करणे, हे एका कुटुंबाला आयुष्यभर पुरेल एवढे काम होते.

माळ आणि शेत यांचे नाते समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास कळणार नाही. फॉरेस्टच्या भोवतीच्या गावांना, ज्यांना ‘व्हेनव्हिल’ गावे म्हणत, ठरावीक वार्षिक रक्कम भरून माळावर गुरे चारण्याचा, पीट कापून सरपण नेण्याचा, छपरासाठी नेचा व दगड घेण्याचा हक्क होता. पण किती गुरे? येथे इंग्लिश रूढीकायद्याचे एक अत्यंत समंजस तत्त्व लागू होई: आपल्या बांधलेल्या शेतातील चाऱ्यावर हिवाळाभर जेवढी जनावरे जगवता येतील, तेवढीच उन्हाळ्यात सामाईक माळावर सोडावीत. अर्थात माळाची चराई खालच्या शेतातील गवताच्या गंजीने मोजली जाई. मेंढ्यांनाही आपापल्या चराईचा टापू ठाऊक असे. आईमागून कोकरू तो शिकते आणि कुंपण नसतानाही कळप तेथेच राहतो, या सवयीला डार्टमूरचे लोक ‘लिअर’ म्हणतात. कळप विकला गेला तर ही शिकवण तुटते, आणि नव्या मेंढ्यांना ती लावायला वर्षे जातात. माणसे आणि गुरे ज्या एकाच लांबट छपराखाली राहात ते ‘लाँगहाउस’ याच व्यवस्थेचे घररूप आहे: मधून आडवी वाट, वरच्या अंगाला चूल व निजण्याची जागा, उताराच्या अंगाला गोठा, म्हणजे घाण आपोआप खाली वाहून जावी. कोकणातल्या किंवा मावळातल्या जुन्या घरांत ओटीशेजारचा गोठा पाहिलेल्या माणसाला ही मांडणी परकी वाटणार नाही.

ही कड सतत वर सरकत गेली असे मात्र नाही. हाउंड टॉर या खडकाच्या पायथ्याशी असलेले मध्ययुगीन गाव चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पंधराव्याच्या आरंभापर्यंत ओस पडले. ओले उन्हाळे आणि १३४८ च्या प्लेगनंतर खाली दऱ्यांत सहज मिळू लागलेली चांगली जमीन, ही कारणे सांगितली जातात. तेथे धान्य वाळवण्याच्या भट्ट्या सापडल्या आहेत आणि ओंबी उन्हात वाळत नसेल तर त्या उंचीवर शेती किती चिकाटीने चालली असेल हे त्या भट्ट्याच सांगतात. कथिलाच्या खाणकामानेही नद्यांचे काठ उलथेपालथे केले, पण तो एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

खरा बदल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आला. १७७२ च्या कायद्याने माळावरून पक्का रस्ता निघाला आणि ‘सुधारणा’ या शब्दाने भारलेल्या भांडवलदारांना डचीने शेकडो एकरांचे पट्टे भाड्याने देण्यास सुरुवात केली. टॉमस टरविट याने प्रिन्सटाउन वसवले, अंबाडीसारख्या तंतूंचे फ्लॅक्स पीक घेण्याचा प्रयत्न केला, आणि १८०६ मध्ये काम सुरू होऊन १८०९ मध्ये उघडलेला युद्धकैद्यांचा तुरुंगही त्याच्याच पुढाकाराने तेथे आला. पिके बहुतेक फसली. न्यूटेकच्या भिंती मात्र उरल्या: पूर्वीच्या आठ एकरांच्या वेड्यावाकड्या, दगड चुकवत जाणाऱ्या गडग्यांऐवजी डोंगरावरून सरळ रेषेत जाणाऱ्या, शेकडो एकरांना कवेत घेणाऱ्या भिंती. नाव तेच राहिले, अर्थ उलटा झाला. वारसाच्या कष्टाचे माप असलेला शब्द आता मालकाच्या पट्ट्याला लागू झाला आणि भिंतीच्या आत गेलेल्या माळावरचे व्हेनव्हिल गावांचे चराईचे हक्क प्रत्यक्षात संपले. हा कडेवरच्या लोकांवर झालेला अन्याय होता असे म्हणण्यावाचून गत्यंतर नाही, कारण त्याचा मोबदला ना त्यांना मिळाला, ना जमिनीला. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या डार्टमूर प्रिझर्वेशन असोसिएशनने याच बंदिस्तीविरुद्ध आवाज उठवला.

पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांनी आयातीची कोंडी केली तेव्हा ब्रिटनला लाकडाची टंचाई तीव्रतेने जाणवली. खंदकांना आणि कोळशाच्या खाणींना टेकू लागत आणि देशात वनाखालील जमीन जेमतेम वीस भागांत एक एवढीच होती. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या ॲकलंड समितीने ८० वर्षांत सुमारे १७.७ लाख एकरांवर वनलागवड सुचवली आणि १९१९ मध्ये फॉरेस्ट्री कमिशन हे सरकारी खाते स्थापन झाले. त्याची पहिली झाडे त्याच वर्षी ८ डिसेंबरला डेव्हनमधील एग्जफर्ड येथे लागली. या खात्यामागची विद्या मात्र इंग्लंडात रुजलेली नव्हती. मुंबई इलाख्यात १८४७ मध्येच डॉ. अलेक्झांडर गिब्सन वनसंरक्षक नेमले गेले होते, तर हिंदुस्थान सरकारच्या वनखात्याचे महानिरीक्षक राहिलेले जर्मन वनशास्त्रज्ञ विल्यम श्लिख यांनी इंग्लंडात येऊन कूपर्स हिल येथे वनशिक्षण सुरू केले आणि १९०५ मध्ये ते ऑक्सफर्डला गेले. ऑक्सफर्डलाच वनविद्या शिकलेले ऑस्ट्रेलियन रॉय रॉबिन्सन हे ॲकलंड समितीचे सचिव आणि पुढे कमिशनचे अध्यक्ष झाले. हिंदुस्थानात हद्दीचे दगड रोवून, गावकऱ्यांची चराई वगळून वने राखण्याची जी रीत पक्की झाली, तिचा वारसा अशा रीतीने ब्रिटनच्या स्वतःच्या माळांपर्यंत पोचला.

डार्टमूरवर ही लागवड कोठे झाली हे पाहिले की आधीचा सारा इतिहास एकत्र येतो. उघड्या सामाईक माळावर झाडे लावणे शक्य नव्हते, कारण तेथे शेकडो कुटुंबांचे चराईचे हक्क जिवंत होते आणि मेंढी असलेल्या जागी रोप तग धरत नाही. म्हणून वने तेथेच उगवली जेथे ते हक्क आधीच भिंतीआड गाडले गेले होते, म्हणजे न्यूटेकमध्ये. फर्नवर्दी आणि बेलिव्हर येथे १९२० च्या दशकात डचीने लागवड सुरू केली, १९३० च्या सुमारास ती कमिशनकडे गेली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर सूसन्सचा माळ तिला जोडला गेला. वनाची आज डोळ्यांना खुपणारी सरळ कड ही वनाधिकाऱ्याने आखलेली नाही. ती बहुतांशी सुधारकांच्या भिंतीची कड आहे. झाड मुख्यतः सिट्का स्प्रूस, उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे, ज्याचे बी डेव्हिड डग्लस याने १८३१ मध्ये ब्रिटनला पाठवले होते. ओल्या, आम्लधर्मी, वाऱ्याच्या जमिनीवर ते देशी वृक्षांच्या कितीतरी पट वेगाने वाढते आणि चाळीस-पन्नास वर्षांत तोडीला येते. दाट लावलेल्या स्प्रूसखाली उजेड पोचत नाही, त्यामुळे खालचे हेदर आणि गवत मरते व जमिनीवर सुयांचा तपकिरी थर उरतो.

याच काळात पाण्याच्या कारणानेही शेते उठली. प्लिमथ शहरासाठी फ्रान्सिस ड्रेकने १५९१ मध्ये डार्टमूरवरून पाट आणला होता. त्याच खोऱ्यात १८९८ मध्ये बरेटरचे धरण पुरे झाले. जलाशयात गुरांचे शेण येऊ नये म्हणून शहराच्या महापालिकेने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास भोवतालची जमीन विकत घेतली, शेतकरी कुटुंबे हलवली आणि रिकाम्या शेतांत सूचिपर्णी झाडे लावली. मध्ययुगापासून नांगरलेल्या त्या शेतांचे गडगे आज झाडांच्या बुंध्यांमधून शेवाळ पांघरून जातात. या शेतांबरोबर माळानेही काही गमावले, कारण हिवाळ्याचा चारा देणारे शेत गेले की उन्हाळ्याच्या चराईचे माप आणि कळपाची लिअर दोन्ही जातात.

वनलागवडीवरून झालेला वाद कडवट होता आणि तो दोन्ही बाजूंनी प्रामाणिक होता. असोसिएशनच्या दृष्टीने दगडांची वर्तुळे, कांस्ययुगीन घरांची वाटोळी जोती आणि दगडांच्या रांगा झाडांच्या मुळांखाली जात होत्या. कमिशनच्या दृष्टीने ओसाड माळावर रोजगार उभा राहात होता. बेलिव्हरला वनकामगारांसाठी घरे बांधली गेली आणि ज्या जुन्या कुळाचे शेत तेथे होते त्याच्या भोवती पुन्हा वस्ती झाली, हेही खरे आहे. १९५१ मध्ये डार्टमूर राष्ट्रीय उद्यान झाले, तरी वनलागवडीला नगररचनेची परवानगी लागत नव्हती. म्हणून त्याच वर्षी असोसिएशनने दक्षिण कडेवरील हाय हाउस वेस्ट ही जमीन, तेथे झाडे लागू नयेत म्हणून, सरळ विकतच घेतली. त्या वर्षापासून १९७३ पर्यंत असोसिएशनचे अध्यक्षपद सांभाळणाऱ्या सिल्व्हिया सेयर यांनी या माळासाठी जे लढे दिले, त्यांच्याशिवाय आजच्या डार्टमूरची कल्पना करता येत नाही.

पुढे वनांचे स्वरूपही बदलले. २००९ मध्ये फायटोफ्थोरा रॅमोरम हा बुरशीसारखा रोगकारक नैर्ऋत्य इंग्लंडातील जपानी लार्च झाडांवर आढळला आणि मोठाली तोड करावी लागली. तोडीनंतर मोकळ्या झालेल्या जागी रातवा पक्षी घरटी करतो, आणि उघड्या माळाचे व वनाचे भांडण इतके सरळ नाही याची तो साक्ष देतो. माळावरही चराईच्या मापाचे जुने शहाणपण दुसऱ्या महायुद्धानंतर जनावरामागे मिळणाऱ्या अनुदानाने मोडले, खालच्या शेतात जगू शकतील त्याहून अधिक मेंढ्या वर आल्या. मग पर्यावरणाच्या करारांनी संख्या खाली आणली, तर राठ मूर गवत आणि नेचा माजला. १९८५ च्या डार्टमूर कॉमन्स कायद्याने चराई-हक्कदारांचे मंडळ स्थापले आणि लोकांना सामाईक माळावर पायी व घोड्यावरून फिरण्याचा हक्क दिला. उद्यानाच्या एक तृतीयांशाहून अधिक जमीन आजही सामाईक आहे, आणि तिच्यावर किती व कोणती जनावरे असावीत याविषयीचा डेव्हिड फर्स्डन यांच्या समितीचा अहवाल २०२३ च्या अखेरीस आला, तेव्हा तेराव्या शतकातला प्रश्न नव्या भाषेत पुन्हा समोर होता.

फर्नवर्दीला या इतिहासाचे सारे थर एकमेकांवर आहेत. वनाच्या आत एका मोकळ्या जागेत कांस्ययुगीन शिळावर्तुळ आहे, ज्याचे दगड एका बाजूकडून दुसरीकडे उंच होत जातात. त्याच्या भोवती न्यूटेकची भिंत, भिंतीत स्प्रूस, आणि खाली १९४२ मध्ये टॉर्कीच्या पाणीपुरवठ्यासाठी पुरे झालेला जलाशय, ज्याने फर्नवर्दीच्या शेताची जमीन पोटात घेतली. कोरड्या उन्हाळ्यात पाणी खाली गेले की चिखलातून आधी जुन्या पुलाचे दगड वर येतात आणि मग शेतांचे गडगे, अजूनही जागच्या जागी, पाण्याच्या कडेपासून झाडांच्या कडेपर्यंत चढत गेलेले.